चुलीजवळची वजह

दादाराव सरांच्या घरात शिरायचं असेल तर फाटकाशी कारण द्यावं लागे, आणि तेही इंग्रजीत.

खोकडपुऱ्यातलं त्यांचं घर बैठं होतं. पुढे लिंबाचं झाड आणि कमरेएवढ्या उंचीचं लोखंडी फाटक. कडी आतून. त्या कडीवर हात ठेवून सर उभे राहत आणि येणाऱ्याला विचारत, "व्हाय हॅव यू कम?" उत्तरात 'बिकॉज' असलं की कडी निघे. नसलं तर सर आणि पाहुणा, दोघंही उभे.

दूधवाला वर्षानुवर्षं "मिल्क बिकॉज मॉर्निंग" एवढंच म्हणत आला होता. सर रोज म्हणत, "ह्याच्यात क्रियापद नाय. पण येऊ दे, दूध नासंल." लाइटचं मीटर बघायला येणारा माणूस मात्र खणखणीत आवाजात म्हणे, "आय हॅव कम बिकॉज द मीटर विल नॉट कम टु मी!" हे वाक्य त्याला सरांनीच शिकवलं असावं, अशी गल्लीला शंका होती. सरांचा सख्खा मेहुणा एकदा जालन्याहून भर उन्हात आला आणि म्हणाला, "बिकॉज माय सिस्टर इज हिअर." सर म्हणाले, "ही मागच्या टायमाची वजह झाली. नवी सांगा." शेवटी काकूंनी आतून येऊन नवऱ्याचा हात बाजूला केला आणि भावाला घरात घेतलं.

गल्लीत एक काळी शेळी होती. फाटक जरा उघडं राहिलं की ती आत घुसे आणि सरांची तुळस खाई. तिला हाकलताना सर ओरडत, "बेवजह! बिलकुल बेवजह!" त्यांच्या तोंडची ही सर्वांत मोठी शिवी.

मी समोरच्या घरात राहत होते. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मला व्याकरणात पैकीच्या पैकी मिळत आणि वर्गात माझा आवाज कसा आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. कॉलेजात गेले तरी फरक पडला नाही. मुलगी इंग्रजीत बोलत नाही म्हणून आईने मला सरांच्या संध्याकाळच्या वर्गाला धाडलं. मी मराठीतही बोलत नाही हे तिला सांगायला हवं होतं, पण त्यासाठी बोलावं लागलं असतं.

पहिल्या दिवशी मी फाटकाशी उभी राहिले. सरांनी विचारलं, "व्हाय हॅव यू कम?" मला कारण देण्याच्या सगळ्या तऱ्हा पाठ होत्या. ओठ हलले नाहीत. मी घरी परतले. दुसऱ्या दिवशीही तेच. मग सरांनी आतून लाकडी स्टूल आणलं आणि फाटकाच्या बाहेर, लिंबाच्या सावलीत ठेवलं.

"बस हितं. वजह सापडंल तवा आत ये. घाई नाय."

मी बाहेर बसून ओट्यावर चाललेला वर्ग ऐकू लागले. त्या दिवसापासून सर नेहमीपेक्षा मोठ्याने शिकवत होते, हे माझ्या पुष्कळ उशिरा लक्षात आलं.

एका संध्याकाळी मान वळवली तर त्या शेळीने माझी ओढणी अर्धी गिळलेली. मी उठून फाटक ढकललं आणि किंचाळले, "आय ॲम कमिंग इन बिकॉज द गोट इज ईटिंग माय ओढणी!"

सगळा वर्ग टाळ्या वाजवत उठला. सर मात्र गंभीरपणे म्हणाले, "बघा. पयलंच वाक्य, आन् वजह एकदम चुलीजवळची."

ही चुलीजवळची वजह समजावून सांगायला हवी, कारण सरांचं सगळं इंग्रजी तिच्यावर उभं होतं.

सरांच्या मते प्रत्येक माणसापाशी एकाच गोष्टीची तीन कारणं असतात. एक बैठकीतलं, आल्यागेल्याला द्यायचं. दुसरं माजघरातलं, नात्यातल्यांना सांगायचं. आणि तिसरं चुलीजवळचं, जे घरच्या माणसालाही लवकर दिसत नाही. वर्गात कुणी कारण दिलं की सर बोट हलवत म्हणत, "बैठकीतली. पुढं?" दुसरं दिलं की, "माजघर. पुढं?" आणि माणूस घाम पुसत तिसरं काढी तेव्हा सर डोळे मिटून घेत. ते कारण ते कधी तपासत नसत. व्याकरण चुकलं तरी चालत असे.

बाकी तपासणी कडक. "बिकॉज म्हंजे समोरच्याला ठाऊक नसलेली गोष्ट," ते सांगत. "म्हणून तो वाक्याच्या शेवटी येतो, पण हात हलवत येत नाय, कायतरी घेऊन येतो. आय ॲम लेट बिकॉज द सायकल इज पंक्चर. आता सिन्स बघा. सिन्स म्हंजे सासरचा पाव्हणा, आधी येऊन बसतो. सिन्स यू आर स्टँडिंग, क्लोज द गेट. तू उभा हायेस हे तुला ठाऊक, मला ठाऊक. त्याच्यावर वाद नाय. मंग ऐक आता. ॲज हा सिन्सचाच धाकटा भाऊ, जरा आळशी, चालता चालता बोलणारा. आन् फॉर?" इथे ते हात जोडत. "फॉर पुस्तकात राहतो. त्याला भाजी आणायला पाठवायचं नाय."

वर्गात आम्ही नाना तऱ्हेचे लोक होतो. त्यातले अन्वरभाई परदेशी पाहुण्यांना वेरूळ-दौलताबादला नेणाऱ्या टॅक्सीचे ड्रायव्हर. ते म्हणाले, "सरजी, हमारे में इत्ते लफडे नहीं. एकीच है. कायकू बोले तो."

सर खुर्चीतून उठलेच. "अन्वर! तुझ्या मायनं तुला पाळण्यात बिकॉज दिला, आन् तू हितं शोधाया आला!"

त्यानंतर अन्वरभाईंचं इंग्रजी सुसाट सुटलं. दौलताबादच्या अंधाऱ्या बोगद्यात एका बाईंनी त्यांना विचारलं, इतका काळोख का? अन्वरभाई म्हणाले, "डार्क बिकॉज एनिमी, मॅडम." बाईंना सगळं समजलं. परत येताना गाडी बंद पडली तेव्हा त्यांनी सांगितलं, "कार स्टॉप्ड बिकॉज कार इज सीनियर टु मी." बाईंनी उतरून हसत हसत गाडीला धक्का दिला. सरांनी ही दोन वाक्यं फळ्यावर लिहून कितीतरी दिवस पुसली नाहीत.

घरचा अभ्यास म्हणून रोज गावातून एक कारण आणायचं असे. कुणालाही 'का' विचारायचं आणि मिळालेलं उत्तर इंग्रजीत सांगायचं. हिमरू शालींचं दुकान बंद बिकॉज मालकाची सासू आलीय. पानवाला रागात बिकॉज त्याचा फोटो वाईट निघालाय. खोकडपुऱ्यात कुणाचं कुठे बिनसलं हे त्यामुळे सर्वांत आधी आमच्या वर्गाला कळे, आणि इंग्रजीत असल्यामुळे त्याला कुणी चहाडी म्हणत नसे.

सरांना तोडीस तोड एकच व्यक्ती होती, वत्सलाकाकू. वर्ग रंगात आला की सर आत हाक देत, "टी, प्लीज!"

आतून आवाज येई, "वजह?"

"बिकॉज आय ॲम टायर्ड."

"ही बैठकीतली. पुढं?"

"बिकॉज… पाव्हणे बसलेत."

"माजघर. पुढं?"

सर हळू आवाजात म्हणत, "बिकॉज तुझ्या हातचाच लागतो." मग कपबशा वाजल्याचा आवाज येई. चहात मात्र कधी कधी साखर नसे. विचारलं तर काकू दारातून सांगत, "नो शुगर बिकॉज तुम्ही आणली नाय." काकू चौथीपर्यंत शिकल्या होत्या. पण बिकॉज कुठे बसतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

वर्गात माझ्या शेजारी सुनंदा बसे. ती शेंद्र्याची, सरांच्याच गावची. तिचे वडील माळावर मेंढरं राखायचे. त्यांच्या सगळ्या भाऊबंदांत कॉलेजात आलेली ती पहिली मुलगी. तिला बोलायला माझ्यासारखी अडचण नव्हती. तिची अडचण थांबण्याची होती. पहिल्या आठवड्यात तिने मला सांगून टाकलं, "तू लई गप बसती. माझ्यातलं थोडं घे."

तिचं घरी परतणं एका कारखान्याच्या बसवर चाले. शेवटची सरकारी गाडी कॉलेज सुटण्याआधीच निघून जाई. कारखान्याची बस मात्र संध्याकाळी शहरातून रात्रपाळीची माणसं घेऊन जालना रोडने कारखान्यावर जाई आणि तिथून सुटलेल्या कामगारांना घेऊन शेंद्र्याकडे. मागच्या बाकांवर जागा रिकामी असे. शेंद्र्याच्या मुली तिथे बसत. हे कुठल्या नियमात नव्हतं, पण ड्रायव्हर गावचाच होता आणि जुने मॅनेजर तिकडे बघत नसत.

मग नवे मॅनेजर आले. ते दक्षिणेकडचे होते. मराठी येत नव्हती आणि हिंदीही जेमतेम. त्यांनी तिकडे बघितलं, आणि बाहेरच्या माणसांना बसमध्ये बंदी केली.

त्या दिवशी सुनंदा फाटकाशी आली तेव्हा सरांनी नेहमीसारखं विचारलं, "व्हाय हॅव यू कम?"

ती म्हणाली, "आय हॅव कम टुडे बिकॉज टुमॉरो आय विल नॉट कम."

सरांनी कडी काढली, पण फाटकातून बाजूला झाले नाहीत. त्यांनी मराठीत विचारलं, "काय झालं गं?"

उद्यापासून बस बंद होणार होती. वडील म्हणाले होते, मग आता कॉलेज बास. गंगापूरकडचं एक स्थळ आलेलंच होतं, येत्या बाजारच्या दिवशी पाव्हणे बघायला येणार होते. गावच्या सरपंचांनी कारखान्यात अर्ज दिला होता. तो मराठीत होता आणि त्यात गावाचा विकास, देशाची प्रगती वगैरे सगळं होतं. साहेबांनी तो तसाच परत पाठवला होता.

"सगळी बैठकीतली कारणं," सर पुटपुटले. "सतरंजी घालून मांडलेली."

ते फाटकातून बाजूला झाले. मग म्हणाले, "उद्या आपण जाऊ. कारखान्यावर."

त्या संध्याकाळी रंगीत तालीम झाली. काकूंना खुर्चीवर बसवून मॅनेजर केलं. त्यांनी सरांचा चष्मा नाकावर घेतला, पदर खोचला आणि एकेकाला समोर बोलावलं. अन्वरभाईंनी मोठ्या अदबीने कारण मांडलं. काकू म्हणाल्या, "नो. पुढं?" सुनंदाने मांडलं. "नो. पुढं?" सर स्वतः उभे राहिले आणि शिक्षणाचं महत्त्व सांगू लागले. काकूंनी चष्म्यावरून बघत त्यांना मध्येच तोडलं, "साहेबाला शिक्षणाचं महत्त्व ठाऊक हाय. शिकला म्हणून तर साहेब झाला ना? त्याला ठाऊक नसलेलं सांगा."

सर आमच्याकडे वळून म्हणाले, "ऐकलं? मी इतकी वर्षं हेच शिकवतोय."

दुसऱ्या दिवशी अन्वरभाईंच्या गाडीतून आम्ही निघालो. सर पुढे, सुनंदा आणि मी मागे. मला का नेलं, ते सरांनी सांगितलं होतं. "तू आमची डिक्शनरी. मी अडकलो तर शब्द दे. बोलायचं नसंल तर हळूच कानात दे." गाडी चिकलठाण्याच्या कारखान्यापर्यंत न थांबता गेली. अन्वरभाई म्हणाले, "सीनियर आज मूड में है."

कारखान्याच्या फाटकावर वॉचमनने आम्हाला अडवलं आणि विचारलं, "काय काम आहे?"

सरांचा चेहरा उजळला. आयुष्यभर जे ते दुसऱ्यांना विचारत आले ते आज त्यांना कुणीतरी फाटकावर विचारलं होतं. ते ताठ उभे राहिले, टोपी सारखी केली आणि एका दमात म्हणाले, "वी हॅव कम बिकॉज द बस हॅज स्टॉप्ड, ॲण्ड द बस मस्ट नॉट स्टॉप बिकॉज धिस गर्ल मस्ट नॉट स्टॉप!"

वॉचमन रजिस्टर उघडून बसला होता. तो म्हणाला, "काका, एवढी जागा नाही ह्याच्यात. 'भेट' लिहू का?"

"लिही," सर उदारपणे म्हणाले.

मॅनेजर साहेब बारीक, नीटनेटके आणि सभ्य होते. आम्हाला बसवलं, पाणी मागवलं. मग शांतपणे बोलू लागले, आणि त्यांचं प्रत्येक वाक्य 'सिन्स'ने सुरू होत होतं. सिन्स बस कंपनीची आहे, सिन्स विमा फक्त कामगारांचा आहे, सिन्स उद्या काही झालं तर जबाबदार मी.

सर माझ्या कानाशी वाकले. "सिन्सवाला हाय. ह्याचं सगळं आधीच ठरल्यालं असतं. अवघड हाय."

तरी त्यांनी सुरुवात केली. इंग्रजी अस्खलित होतं, पण कालची तालीम फुकट गेली. त्यांनी शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. साहेबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "आय अग्री. बट."

अन्वरभाई पुढे सरकले. "सर, सीट इज एम्प्टी. गर्ल इज लाइट. बस इज गोइंग ओन्ली. व्हाय एम्प्टी सीट शुड सी शेंद्रा? सीट हॅज नो रिलेटिव्ह देअर."

साहेब पहिल्यांदाच हसले. पण मान नकारार्थीच हलली.

मग सुनंदा बोलली. तिने वाक्य तयार केलेलं नव्हतं. ती म्हणाली, "सर, आय वॉण्ट बस बिकॉज इफ नो बस, देन मॅरेज. आय ॲम नॉट अफ्रेड ऑफ मॅरेज. बट नोबडी विल आस्क मी, ॲण्ड नोबडी विल टेल मी व्हाय. दे विल से, बस नव्हती." शेवटचे दोन शब्द मराठीत आले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "देअर वॉज नो बस." खोलीत माझा आवाज ऐकून मीच दचकले.

साहेब थोडा वेळ पेन फिरवत बसले. मग सरांना इंग्रजीतच म्हणाले, "तुम्ही तर शेंद्र्यात राहत नाही. ही तुमची मुलगी नाही. यू टेल मी, सर. व्हाय हॅव यू कम?"

अगदी तेच शब्द. फाटकावरचे.

सरांचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. मला ते ओळखीचं होतं. शब्द अडला तर मी द्यायचा होता, पण हा शब्द अडलेला नव्हता. मी एवढंच केलं, की माझी खुर्ची जराशी त्यांच्याकडे सरकवली.

त्यांनी एकदा डोळे मिटले, आणि म्हणाले, "बिकॉज ऑफ माय सिस्टर."

मग ते हळूहळू सांगू लागले, लहान लहान वाक्यांत, आणि त्यांचं एरवीचं इंग्रजी त्यात कुठेच नव्हतं. शेंद्र्याला एक छोटी शाळा होती. मोठी बहीण भागीरथी आणि ते, दोघं तिथे जात. बहीण पुढे, ते मागे. वाचनात तिचा हात कुणी धरू शकत नसे. त्यांना अक्षरं तिनेच शिकवली, पाटीवर, चुलीपाशी बसून. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, उर्दू शिकवणारे मास्तर निघून गेले आणि शाळेला कुलूप लागलं. पुढची शाळा शहरात. मुलाला बोर्डिंगात ठेवता येत होतं. मुलीला ठेवायचं नाही असं ठरलं, आणि रोज संध्याकाळी तिला घरी परत आणील असं कुठलंही वाहन नव्हतं. त्यांची ट्रंक बैलगाडीत चढली तेव्हा ती दारात उभी होती. तिने सगळ्यांना एकेक करून विचारलं, मी का नाही? वडिलांनी उत्तर दिलं नाही, आईने दिलं नाही.

"देन शी आस्क्ड मी," सर म्हणाले. "व्हाय यू, व्हाय नॉट मी. आय वॉज अ स्मॉल बॉय, सर. आय हॅड नो बिकॉज."

सुनंदा तोंडाला पदर लावून बसली होती. तिलाही हे ठाऊक नव्हतं. भागाक्का तिच्या घराशेजारीच राहत होत्या. नवरा लवकर गेला म्हणून माहेरी परत आलेल्या, शेत सांभाळणाऱ्या, सगळ्या पोरींना दटावणाऱ्या भागाक्का.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मुलींबरोबर," ते सावकाश म्हणाले, "रोज कुणी मोठं माणूस हवं. जबाबदारी घेणारं. गावातलं. असं कुणी आहे?"

सर ताडकन उठले. "देअर इज, सर!"

"हू?"

"माय सिस्टर!"

"शी विल अग्री?"

"शी विल," सर म्हणाले, "बिकॉज…" आणि थांबले. मग जोरात म्हणाले, "बिकॉज शी विल!"

असलं वाक्य वर्गात कुणी केलं असतं तर सरांनी त्याला फाटकाबाहेर स्टुलावर बसवलं असतं. साहेब मात्र हसले आणि त्यांनी हात पुढे केला.

परत येताना अन्वरभाईंनी कारखान्याच्या फाटकापासून क्रांती चौकापर्यंत हॉर्न वाजवला. वॉचमनने सलाम ठोकला. सुनंदा खिडकीतून अर्धी बाहेर होती. चौकात सिग्नलला पोलिसाने विचारलं, "हॉर्न कशाला?" आणि आम्ही चौघं एका सुरात ओरडलो, "बिकॉज वी हॅव वन!" त्या चौघांत मी होते. हे मी घरी सांगितलं तेव्हा आईने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

सर मात्र खोकडपुरा जवळ येऊ लागला तसे बेचैन झाले. "अन्वर, आक्काला विचारलंच नाय मी. आता तिला वजह काय सांगू?"

"सरजी," अन्वरभाई म्हणाले, "वो आप चूल्हे के पास ढूंढो."

निरोप सुनंदाने नेला. गंगापूरच्या पाव्हण्यांना भागाक्कांनी स्वतः उभं राहून चहा पाजला आणि पोरगी आधी शिकणार आहे असं सांगून वाटेला लावलं. ही बातमी सुनंदाने वर्गात इंग्रजीत सांगितली, आणि सगळ्यांनी उभं राहून ऐकली.

आता भागाक्कांनी रोज दुपारी शहरात यायचं, मुलींबरोबर संध्याकाळच्या बसने परत जायचं, असं ठरलं. मधला वेळ त्या सरांकडे थांबणार होत्या. म्हणजे फाटकातून त्यांनाही आत यावं लागणार होतं. वर्गात दुसरा विषय नव्हता. आक्कांना इंग्रजी येत नाही, आणि सर नियम मोडत नाहीत. सख्ख्या मेहुण्यालाही सूट मिळाली नव्हती. दूधवाल्याने तर त्यांना स्वतःचं वाक्य द्यायची तयारी दाखवली होती.

त्या दिवशी आम्ही सगळे लवकर येऊन बसलो. सर फाटकाशी, हात कडीवर. काकू दारात. गल्लीच्या तोंडाशी सुनंदा दिसली, आणि तिच्या पुढे, तिच्याही पुढे, झपझप चालत एक उंच, उन्हाने रापलेली बाई. हिरवं नऊवारी, डोक्यावर पदर, काखेत पिशवी. त्या फाटकासमोर येऊन थांबल्या. सरांकडे बघितलं, कडीवरच्या हाताकडे बघितलं.

सर काहीच बोलेनात. अन्वरभाईंना राहवलं नाही. "आपा, इधर गेटपे वजह देना पडता. कायकू आये, बोलके."

"वजह?" भागाक्का म्हणाल्या. आवाज सरांसारखाच, पण जरा वरचढ. "माझ्यापाशी कुठली वजह? ती ह्याच्यापाशी ऱ्हायलीय. लहानपणापास्नं. ह्याला इचारा."



सरांनी कडी काढली. फाटक पुरतं उघडलं, भिंतीला टेकेपर्यंत. तसं ते उघडतं हे आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. स्वतः बाजूला झाले आणि म्हणाले, "कम इन, आक्का."

एवढंच. पुढे काही नाही. आम्ही वाट बघितली, पण त्या वाक्याला मागे-पुढे काहीही लागलेलं नव्हतं.

भागाक्का आत आल्या. ओट्यावर सगळ्यांत पुढे, फळ्यासमोर बसल्या आणि पिशवीतून पाटी काढली. सर खडू शोधू लागले. तो त्यांच्या हातातच होता. काकू चहा घेऊन आल्या, कुणी मागितला नसताना, आणि त्या दिवशी त्यात साखर होती.

फाटक लावायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. काळी शेळी आत आली, तुळशीपाशी गेली आणि निवांत खात राहिली. सरांनी तिच्याकडे बघितलं. मग खडू उचलून ते फळ्याकडे वळले आणि मोठ्याने शिकवू लागले.